किरकोळ गुन्ह्यात घरातलं माणूस पकडलं तर जामीन कसा करायचा (सातारा-सांगलीकडच्या लोकांसाठी)

आमच्याकडं भांडण बांधावरनं झालं. ऊसाला पाणी पाजताना शेजारच्यांशी शब्दाला शब्द वाढला, दोन्हीकडची पोरं गोळा झाली, ढकलाढकली झाली, एकाच्या ओठातनं रक्त आलं आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या चुलत भावाला पोलीस गाडीत घालून घेऊन गेले. गुन्हा सगळा जामीनपात्र होता, म्हणजे कायद्यानं तो त्याच रात्री घरी यायला पाहिजे होता. तो आला सोमवारी संध्याकाळी. एक रात्र लॉकअप, दोन रात्री जेल. आणि हे कुणी मुद्दाम केलं असंही नाही, कुठला कागद लागतो, कुणाचा चालतो, कुणाला काय म्हणायचं, हे आमच्या अख्ख्या भावकीत एकालाही माहीत नव्हतं म्हणून झालं. काकू ते तीन दिवस जेवली नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतोय, तुमच्यावर वेळ आली तर निदान पहिली रात्र वाया जाऊ नये.

मी वकील नाही. जे पायपीट करून कळलं आणि नंतर वकिलांना विचारून पक्कं केलं तेवढंच सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा: जामीन मंजूर होणं वेगळं आणि सुटका होणं वेगळं. आमचा जामीन शनिवारीच मंजूर झाला होता. सुटका अडली ती जामीनदारापाशी.

अजून एक, पिक्चरमध्ये दाखवतात तसं पैसे घेऊन जामीन देणारं दुकान आपल्याकडं नसतं. ते अमेरिकेत, तिथं एजंट साधारण दहा टक्के फी घेतो आणि बाकीच्या रकमेची हमी देतो. भारतात हमी माणूस देतो, स्वतःच्या मालमत्तेवर, फुकट. कोर्टाच्या आवारात कुणी 'जामीनदार पुरवतो, इतके द्या' म्हणाला तर तिथनं लांब व्हा, का ते पुढं येईल.

१. सगळ्यात आधी कलमं विचारा

रडारड, शिव्या, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन हे सगळं नंतर. आधी ठाणे अंमलदाराला नीट विचारायचं, 'साहेब, कुठली कलमं लावलीत?' आणि कागदावर लिहून घ्यायची. अटक का केली आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे, हे पकडलेल्या माणसाला सांगणं पोलिसांवर बंधनकारकच आहे, आणि घरच्यांना कळवणं पण. एफआयआर झाला असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर बहुतेक गुन्ह्यांची प्रत बघायला मिळते.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत त्यामुळं गावात लोक अजून ३२३, ५०४, ५०६ म्हणतात पण कागदावर आकडे वेगळे दिसतात, घाबरू नका. साधी मारहाण आता भारतीय न्याय संहितेचं ११५(२), शिवीगाळ ३५२, धमकी ३५१. ही बहुतेक अदखलपात्र, म्हणजे नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय अटक करू शकत नाहीत. मग आमच्या भावाला कसं उचललं? तर आमच्याकडनं पाच जण होते. पाच माणसं झाली की बेकायदा जमाव १८९(२) आणि दंगा १९१(२) लागतं, ती दखलपात्र आहेत, आणि एक जरी कलम दखलपात्र असलं की सगळी केसच दखलपात्र धरतात. पण दोन्ही जामीनपात्रच आहेत हे आम्हाला त्या रात्री कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

गाडीच्या ॲक्सिडेंटचं पण तसंच. निष्काळजीपणे गाडी चालवणं (२८१), कुणी जखमी होणं (१२५), इतकंच काय समोरचा दगावला तर लागतं ते १०६(१) सुद्धा जामीनपात्र आहे. हायवेवर पिकअप किंवा ट्रक चालवणाऱ्या घरात हे माहीत असलंच पाहिजे.

सगळी कलमं जामीनपात्र असतील तर खालच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी. एक जरी अजामीनपात्र असेल तर मामला बदलतो, रीतसर जामीन अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचा 'से' (लेखी म्हणणं), मग युक्तिवाद, तिथं वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

२. अटक गरजेची होती का ते बघा

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक करायलाच पाहिजे असं नाही, सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे स्पष्ट सांगितलंय. पोलीस नोटीस देऊन बोलावू शकतात, पूर्वी तिला ४१-अ ची नोटीस म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-जामिनाचा नवीन कायदा) कलम ३५(३) ची. नोटीस मिळाली तर सांगितलेल्या तारखेला जायचंच, टाळायचं नाही, कारण टाळलं की अटकेला कारण मिळतं. नुसती व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस रीतसर बजावणी नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलंय, तरी माझं मत, आली तर वकिलाला दाखवा आणि ठाण्यात जाऊन लेखी घ्या.

आरोपी ६० च्या वरचा किंवा आजारी असेल आणि शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. आमच्या काकांचं नाव पण फिर्यादीत होतं, वय ६७, त्यांना म्हणून घरीच राहू दिलं. आधार कार्डावरची जन्मतारीख तिथल्या तिथं दाखवायची.

३. पोलीस ठाण्यातनंच जामीन मागा

याला टेबल जामीन म्हणतात. जामीनपात्र गुन्ह्यात कोर्टापर्यंत जायची गरजच नसते, ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतः जामीन घेऊन सोडू शकतो. हा उपकार नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ प्रमाणे हक्क आहे. शांतपणे म्हणायचं, 'साहेब, कलमं जामीनपात्र आहेत, आम्ही जामीन द्यायला तयार आहोत, कागदं घेऊन आलोय.' आवाज चढवायचा नाही. आणि यासाठी कुणाला एक रुपयाही द्यायचा नसतो. कुणी मागितले तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४.

आम्ही शुक्रवारी रात्री साडेनऊला जामीनदार म्हणून तात्यांना घेऊन गेलो, हातात सातबारा. हवालदारांनी बघितला आणि विचारलं, 'ह्यात तुमचं नेमकं किती हाय?' सातबाऱ्यावर सात नावं, सामाईक क्षेत्र, आणि इतर हक्कात सोसायटीचा बोजा. सातबाराही दोन वर्षं जुना. नाही म्हणाले, उद्या कोर्टात हजर करतो म्हणाले. आम्ही मान खाली घालून परत आलो. तिथं 'मग रोख रक्कम भरून घ्या' किंवा 'जातमुचलक्यावर (आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर) सोडा' असं म्हणता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ते सहाव्या मुद्द्यात सांगतो.

४. जामीनदार आणि त्याची कागदं

खरी मेहनत इथं आहे. जामीनदार म्हणजे 'हा माणूस तारखेला हजर राहील, नाही राहिला तर इतकी रक्कम मी भरेन' असं कोर्टाला लिहून देणारा. त्याची तेवढी ऐपत आहे का आणि तो खरंच तोच आहे का, एवढंच बघतात. नातेवाईक चालतो, मित्र चालतो. आरोपी स्वतः नाही आणि त्याच गुन्ह्यातला दुसरा आरोपीही शोधू नका.

सोबत काय न्यायचं:

- आधार आणि पॅन, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स
- रेशन कार्ड मूळ
- शेती असेल तर सातबारा आणि ८अ, ताजा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत निघतो, रात्री बारालाही, तलाठ्याच्या मागं पळायची गरज नाही
- शेती नसेल तर घराचा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टी पावती
- नोकरीवाला असेल तर ऑफिसचं ओळखपत्र आणि पगारपत्रक, हा बऱ्याचदा सगळ्यात सोपा जामीनदार
- पासपोर्ट साईज फोटो, चार तरी
- कोर्ट सांगेल तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. याला दिवस लागतात, म्हणून आधी बाकीच्या कागदांवर भागतंय का ते वकिलांना विचारा
- आरोपीचं स्वतःचं आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, हे लोक विसरतातच

सातबारा बघताना तीन गोष्टी: नाव आधारशी जुळतंय का (आधारवर रामचंद्र आणि सातबाऱ्यावर रामा असेल तर अडतं), क्षेत्र स्वतंत्र आहे का सामाईक, इतर हक्कात बोजा आहे का. आपल्याकडं सोसायटीचं कर्ज नसलेला सातबारा सापडणं अवघड, ते खरंय, बोजा असला म्हणून जामीनदार बाद होतोच असं नाही, पण स्वच्छ उतारा असेल तर प्रश्नच येत नाही. त्यामुळं एकाच्या भरवशावर जाऊ नका, दोघं तयार ठेवा.

जामीनदाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि आधी किती जणांना जामीन राहिलाय हेही खरं सांगावं लागतं. इथंच भाड्याचे जामीनदार पकडले जातात. त्यांचा सातबारा खोटा किंवा दुसऱ्याचाच असतो आणि ते उघडकीला आलं की जामीन तर जातोच, वर कोर्टाला फसवल्याचा नवीन गुन्हा, आणि तो किरकोळ नसतो. पाचशे रुपयांच्या मारामारीपायी घरातलं पोरगं खोट्या कागदांच्या केसमध्ये अडकवू नका, हात जोडून सांगतो.

५. कोर्टात

अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावंच लागतं, प्रवासाचा वेळ धरत नाहीत. एरवी तालुक्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्ट, म्हणजे कराडचं कराडात, विट्याचं विट्यात, पण सुट्टीच्या दिवशी ड्युटीवरचं कोर्ट वेगळीकडं असू शकतं. आमचा नेमका दुसरा शनिवार होता, म्हणजे कोर्टाला सुट्टी. निम्मी मंडळी तालुक्याला जाऊन बसली आणि भावाला नेलं जिल्ह्याला. म्हणून सकाळीच ठाण्यात विचारून घ्या, 'किती वाजता आणि कुठं हजर करणार?'

तिथं पीसीआर आणि एमसीआर हे शब्द ऐकाल. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतोच. आमच्याकडं आदेश झाला पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आम्हाला वाटलं झालं काम, पोरानं पेढ्याचं पण काढलं. पण जामीनदाराचे कागद पुरे नव्हते, त्यामुळं एमसीआर आणि जेलची गाडी.

६. जामीनदार मिळत नसेल तर

हा मुद्दा दोनदा वाचा.

पहिला उपाय, रोख जामीन. कलम ४९० (जुनं ४४५) प्रमाणे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी पोलीस अधिकारी किंवा कोर्ट देऊ शकतं. बऱ्याचदा कोर्ट तात्पुरता रोख जामीन देतं, म्हणजे आत्ता पैसे भरून माणूस बाहेर, आणि ठराविक आठवड्यांत जामीनदार आणून द्यायचा. हे आपोआप होत नाही, अर्ज करून मागावं लागतं. पैसे कोर्टाच्या नाझर विभागात (कोर्टाचे पैसे सांभाळणारं ऑफिस) भरायचे आणि पावती घ्यायची.

दुसरा, नुसता जातमुचलका. गरीब माणूस जामीनदार देऊ शकत नसेल तर त्याला स्वतःच्या बाँडवर सोडायची तरतूद कलम ४७८ मध्येच आहे, आणि अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो गरीब आहे असं कायदाच धरतो. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरचे, बाहेरनं आलेले कामगार यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं.

तिसरा, फुकट वकील. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे (सांगलीचं कोर्ट विजयनगरला), तालुक्याला विधी सेवा समिती असते. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाची अट. फोन करायचा तर १५१००. आम्हाला सोमवारी तिथनंच वकील मिळाल्या आणि त्यांनी दहा मिनिटांत जे केलं ते आम्ही तीन दिवस करू शकलो नव्हतो.

झालं असं की, सोमवारी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या मावसभावाला घेऊन गेलो होतो, द्राक्षबागेचा स्वच्छ सातबारा, एकट्याच्या नावावर. तर म्हणे बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार नको, सातारा जिल्ह्यातलाच आणा. मी तर खालीच बसलो. पण वकील मॅडमनी सांगितलं की हा वाद जुना आहे. १९७८ मध्ये मोती राम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या केसमध्ये हेच झालं होतं, दहा हजारांचा जामीन, आणि भावाचा जामीन नाकारला कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सुप्रीम कोर्टानं त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. म्हणजे 'स्थानिकच पाहिजे' हा काही दगडावरचा नियम नाही, तुम्ही नम्रपणे हा निकाल पुढं करू शकता. आमच्या मॅडमनी मात्र वाद घालण्यात दिवस न घालवता तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज टाकला, चार आठवड्यांची मुदत मिळाली, तीन वाजता पैसे भरले. नंतर सातारा तालुक्यातले मामा जामीन राहिले.

७. पैसे भरल्यावर लगेच उठून जाऊ नका

माणूस अजून जेलमध्ये आहे. कोर्टानं बाँड स्वीकारला की सुटकेचा आदेश निघतो, तो जेलमध्ये पोचला की मगच गेट उघडतं, आणि जेलची संध्याकाळची वेळ टळली तर अजून एक रात्र आत. आदेश निघाला का, कुठल्या टेबलवर आहे, कोण घेऊन जाणार, हे विचारत राहायचं. आदेशात नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नंबर बरोबर आहे का बघा, एका अक्षरावरनं परत पाठवतात. जामीन मंजूर होऊन सात दिवस झाले तरी सुटका नाही, तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिना झाला तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. असं कुणी अडकलेलं माहीत असेल तर १५१०० ला फोन करा.

८. बाहेर आल्यावर तारखा

ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकून ठेवा, पुढची तारीख दिसते. तारखेला जाता येणार नसेल (ऊस तोडीला आलाय, कुणी वारलं, आजारपण) तर वकिलामार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, बाँड जप्त होतो, जामिनावर सुटून हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहितेचं कलम २६९, एक वर्षापर्यंत शिक्षा), आणि पुढच्या वेळी जामीनपात्र गुन्ह्यातही कोर्ट जामीन नाकारू शकतं.

मधेच तहसील किंवा प्रांत ऑफिसकडनं एखादी नोटीस आली तर गोंधळू नका. ती चॅप्टर केस (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, जुनं १०७), शांतता ठेवू म्हणून घेतलेला बाँड. तो या जामिनापेक्षा वेगळा, तिथंही वेगळं जावं लागतं. आमच्यातल्या एकानं 'जामीन झालाय की आता' म्हणून ती फाडून टाकली आणि त्याला वॉरंट आलं.

९. तुम्ही कुणाला जामीन राहताय?

मामांना आम्ही हे सगळं आधी सांगितलं, तुम्हीही सांगा. आरोपी पळाला तर आधी कारणे दाखवा नोटीस येते, मग रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि तीही निघाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. भरवसा उडाला तर कलम ४८९ प्रमाणे अर्ज करून जामिनातनं मोकळं होता येतं, मग कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार द्यायला सांगतं. बाँड जप्त व्हायच्या आधी जामीनदार वारला तर त्याच्या वारसांवर बोजा येत नाही. माझं मत असं की ज्याच्या घरी तुम्ही अचानक चहाला जाऊ शकता त्यालाच जामीन राहा.

१०. भरलेले पैसे परत घेताना

जामीनदार दिल्यावर किंवा केस संपल्यावर रोख रक्कम परत मिळते, पण आपोआप नाही, कोर्टात अर्ज द्यायचा, सोबत मूळ पावती, आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स. निर्दोष सुटलात तरी वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा नवीन बाँड मागू शकतात, तेव्हा जामीनदाराचा नंबर लगेच डिलीट करू नका. आमची पावती भावाच्या नावानं फाडली होती आणि त्याचं बँक खातं केवायसी नसल्यानं बंद पडलेलं, त्यात पंधरा हजार जवळजवळ दोन महिने अडकले, आणि ते पैसे काकूनं बोरमाळ गहाण ठेवून आणले होते, व्याज चालू. त्यामुळं नाझरच्या खिडकीवर उभं राहिल्यावरच ठरवा पावती कुणाच्या नावानं करायची, ज्याचं खातं चालू आहे त्याच्या, आणि घरी जायच्या आधी तिचे दोन फोटो काढून दोन वेगळ्या मोबाईलवर ठेवा.